कॅटॅलिस्ट लावला म्हणजे ओल्या कचऱ्याचा धूर स्वच्छ होतो का? हणजूणच्या रिसॉर्टवाल्यांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात हणजूणला (अंजुना) रिसॉर्ट, तीन किचन, सीझनला रोज ३०० किलोच्या आसपास ओला कचरा, जागा कमी, आणि एक विक्रेता मशीन दाखवून गेलाय. म्हणतो ३०० डिग्रीवर कचरा जिरवतो, धूर नाही वास नाही, आत कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन घडवून आणणारा पदार्थ) आहे म्हणून चिमणीची भानगड पण नाही. घ्यावं का, आणि कॅटॅलिस्टने खरंच स्वच्छ होतं का?

मशीन या रूपात घेऊ नका. आणि कॅटॅलिस्टने स्वच्छ होतं, त्यात काही खोटं नाही, पण त्याच्यापर्यंत येणारा गॅस आधीच बऱ्यापैकी साफ, कोरडा आणि पूर्ण जळलेला असेल तरच होतं. माझं काम इथल्या फॅक्टऱ्यांचे बॉयलर आणि धुराची यंत्रणा बसवायचं आणि चालवून द्यायचं, त्यात सॉल्व्हंटची वाफ जाळणारे कॅटॅलिटिक युनिट पण आले आणि किचनच्या कचऱ्याची मशीनं पण, आणि दोन्हीकडे कॅटॅलिस्ट तोच असला तरी त्याचं आयुष्य जमीन-अस्मानाचं असतं. सॉल्व्हंटच्या युनिटवर तो वर्षानुवर्षं टिकतो. किचनच्या कचऱ्यावर पुढची तयारी नसेल तर एका सीझनमध्ये संपतो.

आधी पाण्याचा हिशोब करू, कारण सगळं तिथूनच बिघडतं. हॉटेलचा ओला कचरा म्हणजे भात, डाळ, आमटी, भाजीच्या साली, नुस्त्याची म्हणजे मासळीची डोकी नि आतडी, कापलेली फळं, यात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. ७५ धरा. म्हणजे १ किलोत सुकं फक्त पाव किलो, आणि सुक्याची उष्णता किलोला १९ मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे पावणेपाच मेगाज्यूल हातात आले. आता त्यातलं पाऊण किलो पाणी ३० डिग्रीवरून नुसतं वाफ करायला जवळपास १.९ मेगाज्यूल जातात, सुक्यातला हायड्रोजन जळून जी वाफ होते तिचे आणखी थोडे, उरले अडीचच्या आसपास. २०१६ च्या घनकचरा नियमांत जाळून ऊर्जा काढण्यासारखा कचरा म्हणजे किलोला १५०० किलोकॅलरीच्या वरचा धरला होता, म्हणजे ६.३ मेगाज्यूल. तुमचा कचरा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तो स्वतः जळूच शकत नाही, डिझेल किंवा वीज ओतावी लागते, आणि जिथे डिझेल वाचवायचा मोह होतो तिथे तापमान खाली येतं आणि धूर बिघडतो. हाच कचरा २५ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवला तर किलोला १२ मेगाज्यूलच्या वर जातो आणि लाकडासारखा जळतो. कॅटॅलिस्ट यात काहीच करू शकत नाही. तो रिअ‍ॅक्शन लवकर आणि कमी तापमानाला घडवतो, उष्णता आणून देत नाही, आणि पाणी उकळायला लागणारी ऊर्जा एक कणभरही कमी करत नाही.

दुसरी गोष्ट मीठ. गोंयचं जेवण, त्यात सुकं नुस्तं, लोणचं, हुमण, सुंगटाची किसमूर, सुक्या वजनावर १ टक्का मीठ सहज निघतं. मिठातलं क्लोरीन जळताना हायड्रोजन क्लोराईड होतं, म्हणजे पाण्याला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल, पत्र्याची चिमणी आतून खाऊन टाकतं, आपल्या खाऱ्या हवेत बाहेरून पण खाल्ली जातेच. सोडियम आणि पोटॅशियम वाफ होऊन वर जातात आणि पुढे जिथे गार जागा मिळेल तिथे बारीक पांढरी भुकटी होऊन बसतात. पोटॅशियम केळीच्या सालीत, शहाळ्यात भरपूर. नुस्त्यात आणि मटणात प्रोटीन म्हणजे नायट्रोजन, त्याचा अमोनिया, हायड्रोजन सायनाईड आणि जळल्यावर नायट्रोजन ऑक्साईड. गंधक असलेली अमिनो आम्लं म्हणजे हायड्रोजन सल्फाईड आणि मरकॅप्टन, तो कुजक्या अंड्याचा वास. हाडांत फॉस्फरस. आता ही यादी एखाद्या कॅटॅलिस्ट बनवणाऱ्याला दाखवा, तो कपाळाला हात लावेल, कारण गंधक, फॉस्फरस, अल्कली, क्लोरीन हीच त्याची विषं. निकेल आणि पॅलेडियमला गंधक मारतं, नायट्रोजन ऑक्साईडवर वापरतात त्या व्हॅनेडियमवाल्याला पोटॅशियम नि सोडियम मारतात, फॉस्फरस बहुतेकांच्या पृष्ठभागावर थर देऊन बसतो.

आता त्या ३०० डिग्रीबद्दल, मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. दोन वेगळ्या गोष्टी विक्रेता एकत्र करतोय. प्लॅटिनम-पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट २५० ते ४०० डिग्रीला कार्बन मोनॉक्साईड आणि बऱ्याचशा सेंद्रिय वाफा जाळतो हे खरं, नुसत्या उष्णतेने तेच करायला ७५०-८५० लागतात. पण ते तापमान कॅटॅलिस्टमधून जाणाऱ्या गॅसचं. कचराच ३०० वर धुमसत ठेवला तर तो जळत नाही, शिजतो आणि करपतो, आणि त्यातून डांबर, आम्लं, मोनॉक्साईड यांचा दाट पांढरा-पिवळा धूर निघतो. हे सगळं त्या बिचाऱ्या कॅटॅलिस्टवर सोडायचं म्हणजे सगळ्या गावाची धुणी एका मोलकरणीवर टाकण्यासारखं.

आणि ३०० म्हणजे डायॉक्सिन (क्लोरीनवालं जहाल विष) तयार व्हायच्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. साधारण २०० ते ४५० डिग्रीत, राखेत अर्धवट जळलेला कार्बन आहे, क्लोरीन आहे, ऑक्सिजन आहे आणि तांब्याचे कण आहेत, तर राखेच्या कणांवरच डायॉक्सिन आणि त्याचाच भाऊबंद फ्युरान नव्याने तयार होतात. इथे तांबं काय काम करतंय माहितीय? कॅटॅलिस्टचं. लोखंड पण करतं, तांब्याहून कमी. म्हणजे मशीनमध्ये तुम्ही पैसे देऊन एक कॅटॅलिस्ट लावणार आणि कचऱ्याबरोबर फुकटात दुसरा येणार, उलटं काम करणारा. वायरचा तुकडा, बाटलीवरचं झाकण, पीव्हीसीची क्लिंग फिल्म ओल्या कचऱ्यात जाते ना, तिथून. म्हणून चांगल्या यंत्रणेत गॅस आधी खूप तापवतात, मग हा पट्टा शक्य तितक्या झटकन ओलांडून गार करतात आणि धूळ लवकर काढून टाकतात. त्याच २०१६ च्या नियमांत दोन चेंबरच्या इन्सिनरेटरला म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीला दुसऱ्या चेंबरमध्ये किमान ९५० डिग्री आणि गॅस तिथे किमान २ सेकंद राहिला पाहिजे असं होतं, आणि डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, त्याची टेस्ट साध्या लॅबमध्ये होत नाही, हाय रिझोल्युशन मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. विक्रेत्याने दाखवलेला रिपोर्ट धूळ, सल्फर डायॉक्साईड आणि नायट्रोजन ऑक्साईडचा असणार, डायॉक्सिनचा रकाना त्यात आहे का बघा.

मग कॅटॅलिस्ट कुठे कामाचा? तीन जागा आहेत आणि तिन्हीकडे वस्तू वेगळी.

पहिली जागा रिअ‍ॅक्टरच्या आतच, कचऱ्याबरोबर मिसळून. हवा न देता ५००-६०० डिग्रीला तापवलं तर कोळसा, तेल आणि गॅस निघतो, त्यात चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साईड घातला तर तो आम्लं बांधतो, हायड्रोजन क्लोराईड पकडतो, थोडा कार्बन डायॉक्साईड पण खातो. इथे आपल्याकडची मजा अशी की शॅकवाल्यांच्या कचऱ्यात तिसऱ्या, खुबे, शिणाण्या असल्या शिंपल्यांच्या कवच्यांचे ढीग असतात, आणि या कवच्या म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. आपल्या जुन्या घरांचा चुना तरी कुठून आला, कवच्या भट्टीत भाजूनच. ८५०-९०० डिग्रीला भाजल्या की ४४ टक्के वजन उडून जातं आणि चुना उरतो. कॅटॅलिस्ट म्हणून यावर जगभर काम चाललंय, अंड्याच्या कवच्यांवर पण. पण हे फुकट नाही, १ किलो कवच्या भाजायला नुसत्या रिअ‍ॅक्शनलाच पावणेदोन मेगाज्यूल लागतात. म्हणून तुमच्या मशीनमध्ये कचऱ्याबरोबर अख्ख्या कवच्या टाकल्या तर फायदा शून्य, त्या उष्णता खाणार आणि जागा अडवणार. वेगळ्या काढा, सुकवा, दळून घ्या, कोणी भाजून देत असेल तर बघा. आणि क्लोरीन पकडायचं असेल तर चुना फार गरम जागी नको, कॅल्शियम क्लोराईड ७७२ डिग्रीला वितळतं आणि त्याच्या आसपास पकडलेलं क्लोरीन परत सुटायला लागतं. त्याला ४००-६५० ची जागा बरी.

दुसरी जागा म्हणजे कचऱ्यातून निघालेल्या वाफेच्या वाटेवर. गॅसिफायरमध्ये, म्हणजे कमी हवेत कचऱ्याचा गॅस करणाऱ्या भट्टीत, डांबर मोडायला डोलोमाईट, ऑलिव्हिन ही खनिजं किंवा निकेल, ८००-९०० डिग्रीला. तेल सुधारायला झेडएसएम-५ नावाचं झिओलाईट, त्याच्या बारीक छिद्रांत मोठे रेणू मोडतात आणि ऑक्सिजन निघून जातो. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात छिद्रांत कोळशाचा थर बसतो, तो परत साडेपाचशे-सहाशे डिग्रीला हवा देऊन जाळून काढावा लागतो, आणि ओल्या कचऱ्याची वाफच वाफ असल्याने झिओलाईटमधलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सुटत जातं आणि ते कायमचं मरतं. हे रिफायनरीसारख्या मोठ्या कारखान्याचं काम आहे, किचनच्या मागच्या शेडमधलं नाही. रिसॉर्टने या वाटेला जाऊ नये, कोण कितीही पीपीटी दाखवो.

तिसरी जागा अगदी शेवटी, धुराच्या वाटेवर, आणि तुमच्या कामाची हीच. सिरॅमिकची हनीकोम्ब वीट, आत बारीक चौकोनी भोकं, भोकांच्या भिंतीवर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ लेप. पूर्ण जळलेल्या आणि धूळ काढलेल्या गॅसमधला उरलासुरला मोनॉक्साईड, वास, सेंद्रिय वाफा हा साफ करतो. ड्रायरच्या वासावर तर फारच छान काम करतो, कारण तिथे राख उडत नाही. पण काय करत नाही ते पण ऐका: हायड्रोजन क्लोराईड जसाच्या तसा पुढे जातो, त्याला चुना किंवा धूर धुऊन काढणारा स्क्रबरच लागतो. धूळ, मीठ, धातू यांना तो हातही लावत नाही. आणि अमोनिया असलेला गॅस त्यावर गेला तर वास गेला म्हणून तुम्ही खूश, पण त्याचे नायट्रोजन ऑक्साईड होऊ शकतात. नुस्त्याचा कचरा जास्त असेल तर हे लक्षात ठेवायचं. नायट्रोजन ऑक्साईडवर वेगळा व्हॅनेडियम-टायटॅनियमवाला कॅटॅलिस्ट असतो, युरिया किंवा अमोनिया फवारून ३००-४०० ला चालतो, तो डायॉक्सिन पण मोडतो, युरोपातल्या मोठ्या प्लांटांत असतो. ३०० किलोच्या मशीनला तो लावणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

तयारी न केलेल्या मशीनमधली वीट बाहेर काढली तर कशी दिसते सांगतो. गॅस आत शिरतो त्या तोंडावर राखाडी-पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो, पाण्यात टाकला तर बराचसा विरघळतो, म्हणजे मीठ. कडेच्या भोकांत काळं चिकट, तिथे गॅस गार पडत होता. मधली भोकं उघडी दिसतात म्हणून ऑपरेटर म्हणतो चालतंय की, पण विटेच्या आधीचं आणि नंतरचं तापमान बघितलं तर दोन्ही सारखं. तिथेच कळतं. १००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग) मोनॉक्साईड विटेत पूर्ण जळला तर गॅस साधारण ९-१० डिग्रीने तापतो. जिवंत कॅटॅलिस्ट नंतरचं तापमान जास्त दाखवतो, मेलेला सारखं किंवा कमी. महागडं काही लागत नाही, विटेच्या दोन्ही बाजूला एक एक थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर आणि एक दाब-फरकाचा गेज, दाब वाढत गेला म्हणजे भोकं बुजतायत. सकाळी मशीन सुरू करताना मात्र वीट गार असते, ती लाईट-ऑफला म्हणजे काम सुरू करायच्या तापमानाला येईपर्यंत तिच्यातून कचऱ्याचा धूर जाता कामा नये, आधी बर्नरने तापवायची. आपल्याकडे लाईट जाते तेव्हा काय होतं हे विक्रेत्याला नक्की विचारा, ब्लोअर बंद, बर्नर बंद, आत कचरा धुमसतोय आणि सगळं डांबर गार विटेवर. पावसाळ्यात हे आठवड्यातून कितीदा होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

विटेचा आकार पण तपासा. ताशी ३५-४० किलो ओला कचरा आणि त्यासाठीचं इंधन धरून साधारण २५०-३०० घनमीटर धूर निघेल. असल्या कॅटॅलिस्टमधून ताशी त्याच्या आकारमानाच्या २०,००० पट गॅस पाठवणं ठीक धरलं तर १२ ते १५ लिटर वीट पाहिजे. विक्रेत्याला सरळ विचारा, किती लिटर, त्यात प्लॅटिनम किती, बनवली कोणी. 'नॅनो सिरॅमिक' किंवा 'आयन' असलं काही उत्तर आलं आणि लिटर सांगता आले नाहीत, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता तुमच्या जागी मी काय केलं असतं. पहिलं, प्लेट खरवडायच्या जागेवरच तीन डबे. नरम कचरा, भात-आमटी-भाजी-नुस्त्याची घाण, एकात. हाडं, आंब्याच्या बाठी, करवंट्या, शहाळी दुसऱ्यात. कवच्या तिसऱ्यात. प्लास्टिक आणि क्लिंग फिल्म यात कुठेच नाही, हे किचनच्या पोरांना दाखवून दाखवून शिकवावं लागतं, बोर्ड लावून होत नाही.

नरम कचरा जाळूच नका. एवढं पाणी असलेल्या वस्तूला जंतूच बरे. १ टनातून साधारण ८० ते १२० घनमीटर बायोगॅस निघतो, तुमच्या ३०० किलोतला २५० जरी नरम धरला तरी रोज २०-३० घनमीटर, म्हणजे ९ ते १३ किलो एलपीजीच्या तोडीचा. साळगावचा मोठा प्लांट पण ओल्या कचऱ्याचा बायोगॅसच करतो, तिथे काही लोक येडे नाहीत. जागा नाही हे मला मान्य, पण शेजारचे दोन-तीन हॉटेलवाले मिळून एक डायजेस्टर म्हणजे बायोगॅसची टाकी टाकलात तर जागेचा प्रश्न वाटून जातो, आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा म्हणजे नियमांनुसार तुम्ही सगळे बल्क जनरेटर म्हणजे मोठे कचरा करणारेच, टाळता कोणालाच येणार नाही.

डायजेस्टर जमतच नसेल तर स्क्रू प्रेस घ्या. दाबून पाणी काढलं की ओलावा ८० वरून ६०-६५ पर्यंत येतो, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियम पण निघून जातं, कारण ते विरघळलेलंच असतं. कॅटॅलिस्टचं आयुष्य वाढवायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. फक्त ते पाणी नाल्यात सोडू नका, तेलकट आणि जड असतं, आधी तेल काढा आणि मगच एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला) हळूहळू द्या, एकदम ओतलं तर एसटीपी बसेल. मग उरलेला चोथा ड्रायरमध्ये, आणि ड्रायरच्या वाफेवर आधी कंडेन्सर, मग ती छोटी कॅटॅलिटिक वीट. इथे तिचा पैसा वसूल होतो, पाहुणे पूलवर बसलेत आणि मागून नुस्त्याचा वास येतोय हा तुमचा खरा त्रास याने जातो.

सुकलेला चोथा आणि दुसऱ्या डब्यातली हाडं-करवंट्या हे जाळण्यासारखं. पण रोजचं ते ५०-६० किलो. तेवढ्यासाठी स्वतःचं इन्सिनरेटर, त्याची ९५० डिग्री, स्क्रबर, बॅग फिल्टर, चिमणी, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हे सगळं करून बसणं मला तरी परवडणारं वाटत नाही. करवंट्या आणि सोडणं (नारळाची सालं) विकत नेणारे आहेत, सुका चोथा कंपोस्टला चालतो. कोणी त्याचा कोळसा करून बागेत घाला म्हणालं तर तो आधी पाण्याने धुवा, मीठ सगळं कोळशात उतरतं, माडाला चालेल, माडाच्या बुडात आपण मीठ घालतोच, पण आगशीच्या वांग्याला घातलात तर वांगी रुसतील.

एवढं ऐकूनही मशीनच घ्यायचं ठरलं तर ऑर्डरमध्ये लिहून घ्या: दुसऱ्या चेंबरचं तापमान रेकॉर्ड होणार, कॅटॅलिस्टच्या आधी धूळ आणि आम्ल काढणार, विटेच्या दोन्ही बाजूला थर्मोकपल, तापायच्या आत कचऱ्याचं दार उघडणार नाही असा इंटरलॉक, आणि ट्रायल तुमच्याच कचऱ्यावर, तीही जुलै महिन्यात. शोरूमच्या सुक्या पावाच्या तुकड्यांवर कुठलंही मशीन छान चालतं. आणि मेलेली वीट परत नेणार कोण हेही लिहून घ्या. वापरलेला कॅटॅलिस्ट घातक कचऱ्यात मोडतो, भंगारवाल्याला द्यायचा नाही. प्लॅटिनमवाली असेल तर बनवणारा धातूसाठी आनंदाने परत घेतो, किंमतही देतो, बाकीच्या पिसुर्लेच्या घातक कचरा प्लांटला पाठवाव्या लागतात आणि त्याचे पैसे तुम्हाला भरावे लागतात.